बोरुडे साहेबांचं रात्रीचं आवर्तन

कोल्हारच्या अलीकडे, हायवेला लागून, जिथं परवापरवापर्यंत बाभळी आणि एक बंद पडलेला ढाबा होता, तिथं 'लाटालीला वॉटर पार्क' उभं राहिलं आणि सहादेव बोरुडे यांच्या निवृत्त आयुष्यात दरपत्रक शिरलं.

बोरुडे साहेब कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं त्यांनी कालव्याचं पाणी आवर्तनानं, म्हणजे पाळीपाळीनं, वाटलं. कोणाच्या उसाला कधी, किती तास, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, हे ते सांगत आणि लोक ऐकत. त्यांच्या खालोखाल देवाचा नंबर लागायचा. पण देवाकडे सात नंबरचा फॉर्म भरावा लागत नाही. सात नंबर म्हणजे पाणी मागणीचा अर्ज. तो अपुरा असेल तर साहेब परत पाठवत. दुसऱ्यांदा अपुरा आला तर दुसऱ्यांदा परत पाठवत. यात राग नसे, लोभ नसे, फक्त नियम असे, आणि त्यामुळेच लोकांना जास्त राग येत असे.

निवृत्तीनंतर साहेबांकडे वाटण्यासारखं पाणी राहिलं नाही. अंगणातल्या जास्वंदीला ते रोज बादलीनं पाणी घालत आणि घातल्याची वेळ कॅलेंडरवर लिहीत.

वॉटर पार्क सुरू झालं तसं रात्री गच्चीवरून त्याचे दिवे दिसायला लागले. जांभळे, हिरवे, मधूनच गुलाबी. एका रात्री वाळत घातलेल्या कुरडया काढता काढता मालनबाई थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तेहतीस वर्षं तुमी रातीचे पान्यावर, आन मी घरात कडी लावून. आवर्तन सुटलं की पंधरा-पंधरा दिवस तुमी भेटायचे न्हाई. येकदा मला रातीचं पानी दाखवा की. बुधवारी आपल्या लग्नाला चाळीस वर्षं होत्यात."

आता मालनबाईंनी चाळीस वर्षांत काही मागितलं नव्हतं असं नाही, पण कपाट, मिक्सर आणि माहेरी जायला रजा यांच्यापलीकडे ही पहिलीच मागणी होती. साहेब म्हणाले, "दाखवतो." आणि साहेबांचा शब्द म्हणजे सही-शिक्क्यानिशी असे.

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवरून गेले आणि तिकीट खिडकीवरच्या फलकासमोर उभे राहिले. फलक ते पाऊण तास वाचत होते. सिक्युरिटीवाल्यानं दोनदा विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

दिवसाचा दर नऊशे नव्व्याण्णव. शनिवार-रविवारी बाराशे नव्व्याण्णव. रात्री साडेसहा ते साडेदहा, सहाशे नव्व्याण्णव. साडेतीन फुटांखालची मुलं मोफत. ज्येष्ठ नागरिक निम्मा दर, कंसात: फक्त दिवसा. सूर्य मावळला की ज्येष्ठ नागरिक पुन्हा साठीच्या आत जातो, असं मानणारं हे साहेबांच्या पाहण्यातलं पहिलंच दरपत्रक. एवढ्या पैशात एखाद्याचा अख्खा ऊस एका हंगामात भिजला असता, आणि इथं माणूस भिजून वर घरी परत जाणार!

पण तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ होती. बारीक अक्षरात काय असतं ते साहेबांना चांगलं ठाऊक होतं, कारण आयुष्यभर ते त्यांनीच इतरांना दाखवलं होतं. 'पंचवीस किंवा अधिक व्यक्तींचा नोंदणीकृत गट, सोमवार ते शुक्रवार, रात्री: प्रत्येकी चारशे एकोणपन्नास.'

दोघांचे पाचशे रुपये वाचत होते. त्यासाठी फक्त आणखी तेवीस माणसं लागणार होती.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे यशया सर, मिशनच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले, म्हणाले, "बोरुडे, दिवाळीपर्यंत थांबा. नवी गोष्ट महाग असते. घड्याळं बघा, कॅल्क्युलेटर बघा." बोरुड्यांनी विचारलं, "आणि लग्नाचा वाढदिवस दिवाळीपर्यंत थांबवायचा कसा?" सर म्हणाले, "तो भूगोलाचा प्रश्न नाही."

पलीकडच्या बनुबाईंनी, वय पंच्याहत्तर, नऊवारी लुगडं, सरळ टेंडरच भरलं. "दोघांचे नऊशे मला दे सहादेवा. आमच्या हिरीवर चार रंगांचे बलब लावते. बसा रातभर बघत. वर च्या पाजते."

"बनुबाई, तुमी येता का नाही ते सांगा. मला पंचवीस भरायचेत."

"न यायला काय झालं? आपल्या गावात पुण्यामुंबईवानी पानी आलंय, आन मी घरात बसू व्हय?"

अशी माणसं जमत गेली. चारीवरचे, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरचे, जुने शेतकरी, त्यांच्या बायका, दोन सुना, यशया सर आणि त्यांच्या पत्नी. बहुतेकांनी आयुष्यात कधी ना कधी साहेबांच्या नावानं बोटं मोडली होती. पण साहेबांनी स्वतः माणसं गोळा करावीत आणि त्यांना पाण्यात न्यावं, ही घटनाच अशी होती की कोणाला चुकवावीशी वाटेना.

राहिलं 'नोंदणीकृत' हे प्रकरण. तिकीट खिडकीत रुपाली नावाची मुलगी बसत असे. केस घट्ट बांधलेले, गळ्यात ओळखपत्र, समोर कॉम्प्युटर.

"संस्थेचं लेटरहेड लागेल काका."

साहेबांनी रातोरात संस्था काढली. 'कोल्हार ज्येष्ठ व कनिष्ठ जलविहार मंडळ.' लेटरहेड छापून दुसऱ्या दिवशी हजर.

"यावर गोल शिक्का नाही."

तिसऱ्या दिवशी शिक्का. शिक्केवाल्यानं अडीचशे घेतले. पाचशे वाचवण्याच्या कामात आतापर्यंत सातशे गेले होते, पण साहेब आता पैशांच्या पलीकडे गेले होते. रुपालीनं कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि खिडकीतून परत सरकवला.

"शिक्का सहीवर आलाय. सही वाचता येत नाही."

हे वाक्य साहेबांचं होतं. शब्द, क्रम, आणि 'येत नाही'वरचा तो थंडपणा, सगळं त्यांचं.

"बाई, तुम्ही कुठल्या?"

"इथलीच. या भिंतीच्या मागं आमचा ऊस आहे. भागवत आबा माझे आजोबा." रुपालीनं कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही. "त्यांचा सात नंबर तुम्ही तीनदा परत पाठवला होता. दोनदा सहीसाठी, एकदा शाईच्या रंगासाठी."

"कुठल्या रंगाची होती?"

"हिरवी."

"मग बरोबरच केलं मी," साहेब म्हणाले, आणि हे बोलायची ही जागा नव्हती असं त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं.

चौथ्या दिवशी अर्ज मंजूर झाला.

बुधवारी टेम्पो निघताना माणसं भरली चोवीस. पंचविसाव्याची गाय ऐन वेळी व्यायला बसली होती. चोवीस म्हणजे गट नाही, गट नाही म्हणजे सहाशे नव्व्याण्णव. साहेबांनी टेम्पोचा ड्रायव्हर राम याच्याकडे पाहिलं.

"साहेब, मला पान्याची भीती वाटती," राम म्हणाला.

"तुला पाण्यात जायचं नाही. तुला फक्त मोजलं जायचंय."

गेटवर पिशव्या तपासल्या. भाकऱ्या, पिठलं, खुरासणीची चटणी, सगळं ताब्यात गेलं आणि प्रत्येकाला टोकन मिळालं. बनुबाईंच्या ठेच्याचा नंबर सतरा. मग कपडे. नायलॉनशिवाय पाण्यात प्रवेश नाही. बायकांना निळे लांब झगे मिळाले आणि त्या एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की तिकिटाचे पैसे तिथंच फिटले. बनुबाईंनी लुगडं सोडायला साफ नकार दिला. "काठावर बसंन, पाय सोडीन," त्या म्हणाल्या. मात्र पिशवीत एक कोरडं लुगडं त्यांनी आणलंच होतं. पाण्याला जायचं तर कोरडं लुगडं बरोबर हवं, ही त्यांच्या आईची शिकवण.

साहेबांच्या वाट्याला आखूड चड्डी आली. जांभळी. तिच्यावर डॉल्फिन होते. तीन डॉल्फिन पुढं आणि एक, हसणारा, मागं. तेहतीस वर्षं खाकी पँट घालून कालव्यावर उभा राहिलेला माणूस त्या चड्डीत बाहेर आला तेव्हा चारीवरच्या माणसांनी दुसरीकडे पाहिलं. त्यांचा हा मोठेपणा इथं नोंदवून ठेवला पाहिजे.

आणि मग दिवे लागले.

खोटं कशाला बोला, देखणंच होतं. लाटांच्या तलावात तळापासून जांभळा उजेड वर येत होता. घसरगुंड्यांच्या नळ्या हिरव्या पेटल्या होत्या आणि त्यातून माणसं किंचाळत उजेडासारखी बाहेर पडत होती. सगळ्याला वळसा घालून एक संथ पाट वाहत होता. फलकावर त्याचं 'लेझी रिव्हर' असं नाव होतं. साहेबांच्या दृष्टीनं ती गोल चारी होती. कुठं न जाणारी आणि कोणालाही न भिजवणारी चारी त्यांनी प्रथमच पाहिली. तरी छाती फुगलीच. हे पुण्यात नव्हतं, मुंबईत नव्हतं, आपल्या हायवेला होतं.

त्या चारीत, पिवळ्या ट्यूबमध्ये पाय पसरून, हातातल्या हिरव्या बांगड्या पाण्यात सोडून मालनबाई निघाल्या होत्या. दर फेरीला साहेबांसमोरून जाताना त्या हात करायच्या. तिसऱ्या फेरीला तर त्यांनी डोळासुद्धा मिचकावला. साहेबांनी आजूबाजूला कोणी पाहिलं का ते पाहिलं.

इथंच गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण साहेब काठावर बसले होते, रात्र होती, आणि समोर पाणी होतं.

त्यांना दिसलं, की पाटाच्या एका कडेवरून पाणी सतत पलीकडच्या जाळीत सांडतंय. थोडंथोडकं नाही, चांगली धार लागलीय. त्यांनी कान दिला. भिंतीपलीकडे, अंधारात, पाणी पडल्याचा आवाज येत होता. पाण्याचा वेग कळावा म्हणून त्यांनी एक पान पाण्यात टाकलं, मनात आकडे मोजले, पुन्हा टाकलं, पुन्हा मोजले. मग उठून उभे राहिले. आता अंगावर डॉल्फिन आहेत हे ते विसरले होते.

"दारं फुटलंय!"

वाचकहो, दारं फुटलं म्हणजे बांधाचं तोंड फुटून पाणी वाया चाललं; ही हाक कालव्याकाठच्या माणसानं रात्री ऐकली की तो विचार करत नाही. घसरगुंडीच्या रांगेतली माणसं रांग सोडून धावली, लाटांतली लाटा सोडून. "कुटं?" "हितं हाय, जाळीत!" "माती आन!" माती नव्हती, सगळीकडे फरशी होती. मग रिकाम्या ट्यूबा आल्या, त्या एकावर एक रचल्या. फटी राहिल्या. "बनुबाई, लुगडं!" बनुबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता कोरडं लुगडं दिलं. बारा मिनिटांत, एकही जादा शब्द न बोलता, धार बंद. माणसं घाम पुसत, समाधानानं एकमेकांकडे पाहत उभी राहिली. सुनांनी टाळ्या वाजवल्या.

ती जाळी म्हणजे त्या पार्कचा गळा होता. तिथून पाणी खालच्या टाकीत जायचं आणि टाकीतून पंपानं पुन्हा वर. टाकी रिकामी झाली. पंप थांबला. घसरगुंड्या कोरड्या पडल्या, आणि नेमके त्याच वेळी यशया सर हिरव्या नळीच्या मधल्या वळणावर होते. नळीतून आवाज आला, "मी कुठं आहे?" भूगोलाच्या शिक्षकावर अशी वेळ येऊ नये.

पाटाचं पाणी काठावरून बाहेर आलं आणि खाण्याच्या टेबलांखालून हिंडू लागलं. चपला तरंगत निघाल्या. टोकनच्या खोलीतून भाकऱ्या बाहेर आल्या. पाण्यात न जाण्याच्या अटीवर आलेला राम खुर्चीवर चढला. कुठंतरी भोंगा वाजला, निम्मे दिवे गेले, आणि अंधारात, थांबलेल्या पाटाच्या मधोमध, पिवळ्या ट्यूबमधून मालनबाईंचा आवाज आला.

"अहो, दाखवून झालं का रातीचं पानी?"

हे साहेबांना जेवढं लागलं, तेवढं चड्डीनंसुद्धा लागलं नव्हतं. चाळीस वर्षांत एक शब्द दिला होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं, ट्यूबा लावून, बुजवला होता.

मॅनेजर धावत आला. पुण्याचा तरुण मुलगा, हातात वॉकीटॉकी, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्याच्या मागं रुपाली, हातात फॉर्म. पार्कची पोरं लुगडं ओढत होती, पण पाण्याच्या दाबानं ते जाळीत घट्ट बसलं होतं.

"ओढू नका!" साहेब गरजले. तो आवाज निवृत्त झालेला नव्हता. "समोरून ओढाल तर फाटेल आणि पाईपात जाईल. आधी पातळी उतरवा. त्या टोकाला, फुलांच्या वाफ्याकडे, फट पाडा. आधी शेपटाकडून, मग तोंडाकडं. सगळे रांगेत!"

वीसेक माणसं आणि पार्कची सहा पोरं रांगेत लागली. टेबलं आडवी टाकून पाट तयार झाला, पाणी वळलं, आणि लावल्यापासून मान टाकून उभी असलेली नारळाची रोपं प्रथमच पोटभर प्याली. पातळी उतरली. साहेबांनी लुगड्याचं एक टोक दोन बोटांत धरून, केळीचं साल काढावं तसं काढलं. पंप सुरू झाला. हिरव्या नळीतून यशया सर चष्म्यासह बाहेर आले आणि पाण्यात पडता पडता म्हणाले, "आभारी आहे."

"नुकसानभरपाई," मॅनेजर म्हणाला. रुपालीनं फॉर्म पुढं केला. साहेबांनी तो उजेडात धरला.

"घटनेची वेळ लिहिलेली नाही. जागेचा नकाशा नाही. अपुरा आहे." त्यांनी फॉर्म परत दिला.

रुपालीच्या ओठांचा एक कोपरा हलला.

मॅनेजर काही बोलणार तोच भिंतीपलीकडून टॉर्चचा झोत आला आणि म्हातारा, संतापलेला आवाज.

"आरं, पानी कोनी तोडलं रं? निम्माच ऊस भिजलाय माझा!"

साहेबांनी तो आवाज ओळखला, भागवत आबांचा. रुपालीनं मान खाली घातली.

सगळे मागच्या फाटकातून बाहेर गेले. जाळीतून टाकीकडे जाणारा पाईप भिंतीबाहेरून वळत होता, आणि त्या वळणावरचा सांधा चांगला हातभर उघडा होता. निम्मं पाणी टाकीत, निम्मं उसात. साहेबांनी पान टाकून मोजलेलं खोटं नव्हतं. जागा तेवढी चुकली होती.

"तुम्ही रोज टँकर किती घेता?" साहेबांनी विचारलं.

"चार," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आमचे इंजिनिअर म्हणाले, उन्हानं उडतं."

"रात्री पण?"

मॅनेजरनं रुपालीच्या हातातला फॉर्म घेतला आणि चार घड्या घालून खिशात ठेवला. साहेबांना आयुष्यभराचा मोफत पास देतो म्हणाला. साहेब म्हणाले, "फुकट काही नको. फलकावरचा तो कंस काढा." आज तुम्ही गेलात तर पाहाल, ज्येष्ठ नागरिकांना रात्रीसुद्धा निम्मा दर आहे. त्या कंसाच्या जागी पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलाय. साहेब पाहुण्यांना तो मुद्दाम नेऊन दाखवतात.

"उद्या सकाळी सांधा बसवून घ्या," साहेब मॅनेजरला म्हणाले.

"आत्ताच बसवतो ना सर, प्लंबर आहे."

"सकाळी. पाण्याची चालू पाळी मधे तोडत नसतात."

मॅनेजर 'हो सर' म्हणून गेला. आत पुन्हा दिवे लागले, गाणी लागली, आपली माणसं ओरडत लाटांत शिरली. साहेब मात्र उसाच्या बांधावर उभे राहिले. आपल्या मागं कोणीतरी आहे हे त्यांना थोड्या वेळानं कळलं. निळ्या झग्यात, अनवाणी, हातात रुपालीचा टॉर्च घेऊन मालनबाई उभ्या होत्या.

"तू आत जा. साडेदहापर्यंतचे पैसे भरलेत."

"ऱ्हाऊ द्या," मालनबाई म्हणाल्या. "तेहतीस वर्षं वाटायचं, ह्यो मानूस रातभर नुसता उभा ऱ्हात आसंल. आन आज पंचवीस मान्सं वळवली तुमी येका आवाजावर, आन तीबी ह्या चड्डीत."

साहेबांनी सरकून मालनबाईंना बांधावर जागा करून दिली.

समोर पाणी सरीतून पुढं सरकत होतं. आतल्या दिव्यांचा जांभळा उजेड भिंतीवरून येऊन त्यावर पडला होता. भागवत आबा, वय ऐंशी, फावड्यानं एक दारं बुजवत होते, दुसरं उघडत होते. मालनबाई टॉर्च बरोबर पाण्याच्या तोंडावर धरून होत्या. कोणी न सांगता त्यांचा हात पाण्याबरोबर पुढं सरकत होता.

शेवटची सरी भरत आली तसे आबा फावडं टेकून उभे राहिले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, डॉल्फिनकडे पाहिलं, पुन्हा साहेबांकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या पान्याला सात नंबर लागतो का?"

बोरुडे साहेबांनी विचार केला. तेहतीस वर्षांत त्यांनी एका प्रश्नावर इतका वेळ घेतला नव्हता.

"लागतो," ते म्हणाले. "पण घाई नाही, सवडीनं द्या. शाई कुठलीही चालेल."